खाण तशी माती : लॅब्राडॉरचे पिल्लू घेण्यापूर्वी

गेल्या काही दशकांत आपल्या मराठी घरांतील कुत्र्याचे स्थान पार बदलून गेले आहे. एकेकाळी वाड्याच्या दिंडीदरवाजाशी बसून भाकरीच्या तुकड्यावर इमान राखणारा 'मोती' आता दिवाणखान्यात, पंख्याखाली, आणि पुष्कळ घरी तर मुलांच्या पलंगावर येऊन पोहोचला आहे. इंदूरच्या नव्या वसाहतींतून सकाळी फेरफटका मारावा तर दर चार बंगल्यांमागे एक लॅब्राडॉर आपल्या मालकाला ओढत नेताना दिसतो. त्यांत आपल्या व्यवसायबंधूंची संख्या लक्षणीय आहे. मुलीला बारावीत चांगले गुण मिळाले म्हणून, नव्या घराची वास्तुशांत झाली म्हणून, किंवा एकुलत्या एका मुलाला सोबत हवी म्हणून, अशा निरनिराळ्या निमित्तांनी हे पिल्लू घरी येते.

बालरोगतज्ज्ञाकडे बाळ प्रथम येते तेव्हा आपण काय काय विचारतो, हे आठवून पाहावे. आईवडिलांचे एकमेकांशी रक्ताचे नाते आहे का? आधीचे अपत्य कसे आहे? घराण्यात कोणाला लहानपणी दृष्टिदोष, स्नायूंचा विकार, यकृताचा आजार होता का? गरोदरपणात कोणत्या तपासण्या झाल्या? हे प्रश्न आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ते आपण झोपेतही विचारू. मात्र तोच डॉक्टर पिल्लू घ्यायला जातो तेव्हा फक्त तीन प्रश्न विचारतो : रंग कोणता, 'पेपर्स' आहेत का, आणि किंमत किती? नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये असे आपल्याकडे म्हणतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र कूळ विचारलेच पाहिजे. ते का, आणि नेमके काय विचारायचे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

जातीचा थोडा पूर्वेतिहास

लॅब्राडॉर हे नाव कॅनडातील प्रदेशाचे असले तरी या जातीचे पूर्वज शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळ्यांच्या होड्यांवर जाळी ओढणारे, थंडगार पाण्यात उड्या मारून निसटलेले मासे परत आणणारे 'सेंट जॉन्स' जातीचे पाणकुत्रे मासळीच्या व्यापारी जहाजांतून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या पूल बंदरात पोहोचले. माल्म्सबरी आणि बक्लू या सरदार घराण्यांनी शिकारीत पाडलेले पक्षी उचलून आणण्यासाठी त्यांची जोपासना केली. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने लॅब्राडॉर रिट्रीव्हर या जातीला मान्यता दिली. मूळची सेंट जॉन्स जात मात्र विसाव्या शतकातच नामशेष झाली.

मनमिळाऊ स्वभाव, शिकण्याची हौस आणि तीक्ष्ण घ्राणेंद्रिय या तीन गुणांवर लॅब्राडॉरने जग जिंकले. १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतर दडवून ठेवलेली स्फोटके हुडकून असंख्य प्राण वाचविणारा मुंबई पोलिसांचा 'झंजीर' लॅब्राडॉरच होता. २००० साली तो गेला तेव्हा पोलीस दलाने त्याला सन्मानाने निरोप दिला. अमेरिकेत १९९१ पासून २०२१ पर्यंत सलग ३१ वर्षे लॅब्राडॉर हीच तेथील केनेल क्लबच्या नोंदीतील सर्वांत लोकप्रिय जात होती. परंतु ही लोकप्रियताच या जातीला बाधली. मागणी वाढली की पुरवठा करणारे उगवतात, आणि पुरवठा करणाऱ्याला दोन वर्षे थांबून नर-मादीच्या तपासण्या करण्याची सवड नसते.

खुब्याचा सांधा : ऑर्टोलानींचा वारसा

नवजात बालकाचे दोन्ही पाय गुडघ्यात दुमडून, मांड्या हळूच बाहेर फिरवून खुब्याच्या सांध्याची परीक्षा आपण सारेच करतो. इटलीतील फेरारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्टोलानी यांनी १९३७ साली वर्णिलेली ही खूण. पशुवैद्यकही तीच परीक्षा त्याच नावाने कुत्र्याच्या पिल्लांवर करतात, हे मला प्रथम कळले तेव्हा मोठे कौतुक वाटले होते. एका बालरोगतज्ज्ञाची बोटे दोन्ही शास्त्रांना उपयोगी पडली.

साम्य मात्र येथेच संपते. बाळाच्या खुब्याचा दोष पुष्कळदा जन्मतःच सापडतो. 'हिप डिस्प्लेशिया' होणाऱ्या कुत्र्याचा सांधा जन्माच्या वेळी निर्दोष असतो. पुढे काही आठवड्यांतच सांध्याला सैलपणा येतो, मांडीच्या हाडाचा गोल माथा खोबणीत घट्ट बसत नाही, आणि वाढीच्या धबडग्यात खोबण उथळ तर माथा चपटा होत जातो. परिणामी ऐन तारुण्यात संधिवात. एका जनुकाचा हा खेळ नव्हे. अनेक जनुके मिळून कल निश्चित करतात आणि वजन, आहार, व्यायाम त्यात भर घालतात. म्हणूनच रक्ताच्या किंवा लाळेच्या एखाद्या तपासणीने त्याचा निकाल लागत नाही, क्ष-किरणचित्रच काढावे लागते.

कुत्र्यांतील या विकाराचे पहिले वर्णन १९३५ साली अमेरिकेतील पशुवैद्य श्नेल यांनी केले. स्वतःच्या शिकारी कुत्र्यांत हा दोष पाहून व्यथित झालेल्या जॉन ऑलिन या अमेरिकन उद्योगपतीच्या पुढाकाराने १९६६ साली 'ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स' ही संस्था उभी राहिली. ही संस्था क्ष-किरणचित्रे तपासून 'उत्कृष्ट'पासून 'तीव्र दोष'पर्यंत सात प्रती ठरविते, आणि अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. ब्रिटनमधील पद्धतीत वयाचे एक वर्ष पूर्ण झाल्यावर दोन्ही बाजूंना शून्य ते ५३ असे गुण देतात. एकूण बेरीज शून्य ते १०६. आपल्या परीक्षांच्या उलट येथे गुण जितके कमी तितके चांगले. कोपराच्या सांध्याचीही अशीच शून्य ते तीन अशी प्रतवारी आहे. लॅब्राडॉरमध्ये कोपराचे दोषही पुष्कळ आढळतात, म्हणून खुबा आणि कोपर ही जोडी एकत्रच तपासावी.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही. दहा वर्षांचा एक मुलगा पोटदुखी आणि अन्नावरची वासना उडाली म्हणून माझ्याकडे आला. तपासणीत काहीच सापडेना. आईला बाहेर बसवून त्याला बोलते केले तेव्हा कळले की, त्याचा अकरा महिन्यांचा लॅब्राडॉर आठवड्यापासून मागच्या पायांवर उठू शकत नव्हता आणि घरात त्याला 'झोपविण्याची' भाषा त्याच्या कानावर पडली होती. दोन्ही खुबे पार बिघडलेले होते. पिल्लू दूरच्या शहरातून, मोबाईलवर छायाचित्र पाहून मागविलेले. आईबाप कोणीच पाहिले नव्हते. विकणाऱ्याने, "आमच्याकडून निघाले तेव्हा ठणठणीत होते," असे उत्तर दिले, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते एका अर्थी खरेही होते. मुलाने मला विचारले, "डॉक्टरकाका, मी त्याला जास्त पळवलं म्हणून झालं का?" तो दोष त्या लेकराचा नव्हता. जे दोन जीव कधीच एकत्र आणायला नको होते ते एकत्र आणले गेले, आणि त्याची किंमत एक मुका प्राणी व एक मूल मिळून मोजत होते. वजन काटेकोरपणे उतरवून आणि वेदनाशामक औषधांवर तो कुत्रा पुढे जगला. पण धावला कधीच नाही.

वाहक म्हणजे रोगी नव्हे

खुब्याच्या उलट काही विकार एकाच जनुकाच्या दोषाने होतात, आणि तेथे आपले मेंडेलचे गणित स्वच्छ लागू पडते. लॅब्राडॉरपुरते तीन विकार प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावेत.

पहिला दृष्टिपटलाचा. 'पीआरसीडी' या जनुकातील दोषामुळे प्रथम रातांधळेपणा आणि पुढे पूर्ण अंधत्व येते. हा दोष २००६ साली शोधला गेला, आणि त्याच संशोधनात तोच नेमका बदल रेटिनायटिस पिगमेंटोझा झालेल्या एका मानवी रुग्णातही सापडला. लॅब्राडॉरमध्ये लक्षणे बहुधा मध्यम वयात दिसतात. तोवर त्या नराने किंवा मादीने कितीतरी वेतांना जन्म दिलेला असतो. केवळ डोळ्यांकडे पाहून प्रजननाची निवड करणे येथे निरुपयोगी ठरते ते यामुळेच.

दुसरा विकार परिश्रमाने कोसळण्याचा. एरवी तुकतुकीत दिसणारा तरुण कुत्रा पाच ते पंधरा मिनिटे जोरात धावला की त्याचे मागचे पाय लुळे पडतात आणि अंगाचे तापमान झपाट्याने चढते. बहुतेक कुत्रे विश्रांतीने सावरतात, क्वचित एखादा दगावतो. चेतापेशींच्या संदेशवहनाला लागणाऱ्या 'डायनामिन-१' या प्रथिनाच्या जनुकातील हा दोष २००८ साली प्रसिद्ध झाला. मे महिन्याच्या उन्हात चेंडूमागे पळणारा कुत्रा असा कोसळला तर तो उष्माघातच समजला जाण्याचा संभव आहे.

तिसरा विकार 'सेंट्रोन्यूक्लियर मायोपॅथी'. पिल्लू काही महिन्यांचे असतानाच स्नायू बारीक होतात, चालण्यात अडखळ येते, वाढ खुंटते. २००५ साली फ्रान्समधील संशोधकांनी त्याचे जनुक शोधले.

तिन्ही विकार अप्रभावी पद्धतीने उतरतात. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक पिल्लाला रोग होण्याची शक्यता २५ टक्के. येथे पुष्कळ जण फसतात. "मागच्या वेतात आठ पिल्ले झाली, आठही उत्तम," असे विकणारा प्रामाणिकपणे सांगतो. पण दोन वाहकांच्या आठ पिल्लांच्या वेतात आठही पिल्ले रोगातून सुटण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. म्हणजे एक चांगले वेत हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे.

मग वाहक कुत्र्यांना प्रजननातून सरसकट काढूनच टाकावे का? नाही. वाहकाची जोड निर्दोष जोडीदाराशी लावली तर एकाही पिल्लाला रोग होत नाही. सरासरी निम्मी पिल्ले वाहक निघतात, त्यांची पुढे तपासणी करता येते. उलट, सारे वाहक एकदम बाद केले तर आधीच आखूड असलेला जातीचा रक्तसंग्रह आणखी आखूड होतो आणि आजवर झाकलेला एखादा दुसराच दोष वर येतो. सिकलसेलच्या संदर्भात आपण हेच समजावत आलो आहोत. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. शून्य ते ४० वर्षे वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. वाहक तरुण-तरुणींना आपण विवाह करू नका असे सांगत नाही, जोडीदाराचीही तपासणी करून घ्या असे सांगतो. माणसाला सल्लाच देता येतो, निर्णय त्याचा असतो. कुत्र्यांची जोड तर आपणच ठरवितो. मग तेथे निष्काळजीपणाला सबब कोणती?

नात्यातल्या नात्यात जोड लावण्याची प्रथा हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. बाप-लेक किंवा सख्खी भावंडे यांच्या पिल्लांत अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ टक्के, आणि चुलत-मावस भावंडांच्या पिल्लांत ६.२५ टक्के होतो. एखादा स्पर्धा जिंकलेला नर गावातील प्रत्येक मादीला दाखविला जातो, आणि दोन पिढ्यांनी त्या गावातील सारे लॅब्राडॉर एकमेकांचे नातेवाईक होऊन बसतात. वंशावळीचा कागद हाती आला की दोन्ही बाजूंना तेच नाव पुन्हा पुन्हा येते का, एवढे तरी पाहावे.

तांब्याची गोष्ट

आपल्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना 'इंडियन चाइल्डहुड सिरोसिस' विसरता येणार नाही. सहा महिने ते तीन वर्षे वयाची बाळे, दगडासारखे टणक यकृत, आणि हताश आईबाप. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह केलेले काम १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पितळेच्या भांड्यात साठविलेल्या व तापविलेल्या दुधातून बाळाच्या पोटात जाणाऱ्या तांब्याकडे त्यांनी बोट दाखविले. पुढे भांडी बदलली आणि हा आजार दुर्मिळ झाला.

लॅब्राडॉरमध्येही यकृतात तांबे साठून होणारा जुनाट दाह आढळतो. २०१६ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की, 'एटीपी-७-बी' या जनुकातील बदलामुळे या जातीत तांब्याचा साठा वाढतो, आणि 'एटीपी-७-ए' या दुसऱ्या जनुकातील एक बदल तो साठा कमी राखतो. पहिले जनुक आपल्या विल्सन रोगाचे, दुसरे मेंकेस रोगाचे! उपचारही ओळखीचेच : कमी तांब्याचा आहार आणि पेनिसिलामाइन. ज्या कुळात यकृताच्या आजाराने कुत्रे दगावले आहेत तेथे ही तपासणी अवश्य करावी. जनुकातील दोष आणि ताटातील तांबे दोन्ही मिळून यकृत बिघडवितात. म्हणून तपासणीचा निकाल हा विधिलिखित नसून सावधगिरीची सूचना असते.

भुकेचे जनुक आणि मालकाचा हात

"आमचा ब्रूनो दिवसभर उपाशी असल्यासारखा पाहतो," ही तक्रार प्रत्येक घरी ऐकू येते. २०१६ साली केंब्रिज येथील डॉ. एलेनॉर रॅफन व सहकाऱ्यांनी लॅब्राडॉरच्या 'पॉम्क' जनुकात चौदा अक्षरे गळाल्याचे दाखविले. सुमारे एक चतुर्थांश लॅब्राडॉरमध्ये हा बदल असतो. अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ अधिक, आणि वजनही अधिक. २०२४ साली याच गटाने दाखविले की, असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये लवकर भुकेजतात आणि विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतात. अपंगांच्या मदतीसाठी शिकविल्या जाणाऱ्या लॅब्राडॉरमध्ये हा बदल बराच अधिक सापडला. खाऊच्या आमिषाने शिकणारा कुत्रा निवडता निवडता माणसाने नकळत भुकेलाच निवडले, असा तर्क त्यावरून करतात.

भूक जनुकात असली तरी वाडगे मात्र आपल्या हाती असते. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देऊन केलेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांच्या वयात भरपूर खाणाऱ्या २४ पैकी १६ कुत्र्यांत खुब्याचा दोष दिसला, तर मोजके खाणाऱ्या २४ पैकी केवळ सात कुत्र्यांत. २००२ साली आयुर्मानाचे आकडे आले : भरपूर खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, मोजके खाणाऱ्यांचे १३ वर्षे. जवळजवळ दोन वर्षांचे आयुष्य, आणि औषध एका पैशाचे नाही!

याच संदर्भात कॅल्शियमच्या बाटलीविषयी लिहिले पाहिजे. बाळाला 'टॉनिक' लिहून द्या असा आग्रह धरणारी आजी आपल्याला परिचित आहे. तीच माया पिल्लाच्या बाबतीत कॅल्शियमच्या रूपाने प्रकट होते. मोठ्या जातीच्या लहान पिल्लांना आतड्यातून जादा कॅल्शियमचे शोषण पुरेसे रोखता येत नाही, आणि त्यांच्या हाडांची व सांध्यांची वाढ बिघडते. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचा संतुलित आहार चालू असेल तर वरून कॅल्शियम देऊ नये. नॉर्वेतील एका मोठ्या पाहणीत, ज्यात लॅब्राडॉरही होते, तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या पिल्लांत खुब्याच्या दोषाचे प्रमाण अधिक आढळले, तर मोकळ्या मैदानावर आपल्या मर्जीने बागडणाऱ्या पिल्लांत कमी. आपल्या गुळगुळीत फरशीच्या घरांनी यातून बोध घ्यावा. पिल्लाच्या वावराच्या जागी एखादी जुनी सतरंजी अंथरली तरी पाय घसरत नाहीत.

प्रामाणिक प्रजननकर्ता कसा ओळखावा

आपल्या देशात २०१७ साली श्वान प्रजनन व विक्रीचे नियम अधिसूचित झाले. प्रजननकर्त्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू न विकणे, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिची जोड न लावणे, लागोपाठच्या दोन माजांत वेत न घेणे, या गोष्टी त्यात आहेत. कायद्याची मर्यादा ही किमान मर्यादा. खुब्याचा अंतिम दाखला दोन वर्षांनी मिळत असेल तर विवेकी माणूस दोन वर्षे थांबेल.

आठ आठवड्यांच्या अटीमागे शास्त्र आहे. स्कॉट व फुलर यांच्या १९६५ सालच्या ग्रंथाने दाखवून दिले की, साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या काळात पिल्लाचे सामाजिक शिक्षण होते. चावा किती जोरात घ्यावा, हे ते भावंडांशी खेळता खेळता शिकते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिल्लू आपल्या लहान मुलांच्या घरात आणणे म्हणजे न शिकलेला चावा घरात आणणे होय.

लसीकरणाचे तत्त्वही आपल्या परिचयाचे आहे. गोवराची पहिली लस आपण नवव्या महिन्यात देतो, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे आधी दिलेली लस निष्प्रभ करतात. पिल्लाला पहिल्या चिकातून अशीच प्रतिपिंडे मिळतात. ती प्रत्येक पिल्लात वेगवेगळ्या वेळी ओसरतात, म्हणून पार्व्हो व डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत द्यावी लागते. "सगळ्या लसी झाल्या आहेत" असे दीड महिन्याच्या पिल्लाविषयी कोणी सांगितले तर ते विधान चुकीचेच समजावे. मादीची जंतांची व लसींची व्यवस्था गाभण राहण्यापूर्वी झालेली असावी. गोलकृमी पिल्लांना गर्भातच मिळतात, आणि तेच पुढे अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊ शकतात. जोड लावण्यापूर्वी नर व मादी दोघांची ब्रुसेलाची तपासणी व्हावी. हा जंतू माणसालाही होतो.

पिल्लू पाहायला जाताना पुढील गोष्टी मागाव्यात, आणि संकोच करू नये :

१. आई प्रत्यक्ष पाहायला मिळावी. तिचा स्वभाव, अंगकाठी आणि राहण्याची जागा पाहावी. केवळ छायाचित्र चालणार नाही.

२. दोन्ही पालकांच्या खुब्याच्या व कोपराच्या क्ष-किरणचित्रांचा तज्ज्ञाने दिलेला लेखी निकाल.

३. पीआरसीडी, परिश्रमाने कोसळण्याचा विकार आणि सेंट्रोन्यूक्लियर मायोपॅथी यांचे डीएनए अहवाल. नमुना गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानेही घेता येतो. अहवालावर मायक्रोचिपचा क्रमांक असावा, म्हणजे तो त्याच कुत्र्याचा आहे हे पटते.

४. वंशावळ, आणि तीत पुनरावृत्त होणारी नावे.

५. मादीचे वय, आजवरची वेते आणि मागच्या वेतातील पिल्लांच्या मालकांशी बोलण्याची मुभा.

६. पिल्लू सांभाळणे अशक्य झाल्यास ते परत घेण्याची तयारी.

केनेल क्लब ऑफ इंडियाचे 'पेपर्स' हे वंशाची नोंद सांगतात, आरोग्याची हमी देत नाहीत. जन्मदाखला आणि आरोग्यतपासणी यांत आपण जो फरक करतो तोच येथे करावा. 'सिल्व्हर' किंवा 'शॅम्पेन' अशा दुर्मिळ रंगाच्या नावाने दुप्पट किंमत सांगणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहावे. लॅब्राडॉरचे मान्य रंग तीनच : काळा, पिवळा आणि चॉकलेटी. रंग फिका करणाऱ्या जनुकामुळे काही कुत्र्यांचे केस गळतात व त्वचा खराब होते, ते वेगळेच.

या साऱ्या तपासण्या केलेले पिल्लू महाग पडेल, हे उघड आहे. पण खुब्याच्या एका शस्त्रक्रियेचा खर्च, आणि त्याहून अधिक म्हणजे घरातील मुलांच्या डोळ्यांतले पाणी हिशेबात धरले तर ते स्वस्तच ठरते. तपासण्यांनी शंभर टक्के हमी मिळते असेही नाही. निर्दोष खुब्यांच्या आईबापांपोटीही क्वचित सदोष पिल्लू जन्मते. तपासणी धोका कमी करते, संपवीत नाही. गर्भवतीच्या सोनोग्राफीबद्दल आपण दररोज हेच तर सांगतो. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी रस्त्यावरचे देशी पिल्लू लसीकरण करून घरात घ्यावे. खुल्या निसर्गनिवडीतून आलेला तो प्राणी आपल्या हवेला सरावलेला असतो आणि प्रेमात लॅब्राडॉरला हार जात नाही.

आपला वाटा

गावात डॉक्टरने घेतलेले पिल्लू म्हणजे चांगलेच असणार, असे लोक समजतात आणि त्याच विक्रेत्याकडे जातात. आपण प्रश्न विचारले तर विक्रेत्याला उत्तरे तयार ठेवावी लागतील. दहा डॉक्टरांनी खुब्याचा अहवाल मागितला तर अकराव्या गिऱ्हाइकासाठी तो आधीच काढलेला असेल. आपल्याजवळच महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील तज्ज्ञांना आपल्या संस्थेच्या एखाद्या मासिक सभेत पाचारण करून या विषयावर व्याख्यान ठेवावे, अशी कार्यकारिणीला माझी नम्र सूचना आहे. माणसांचे आणि पशूंचे वैद्य एका व्यासपीठावर आल्यास दोघांनाही बरेच शिकता येईल.

आणि ज्यांच्या घरी स्वतःची लॅब्राडॉर मादी आहे त्यांना एक विनंती. "एकदा तरी तिला पिल्ले होऊ द्यावीत" ही भावना मी समजू शकतो. मात्र तिच्या आरोग्यासाठी एक वेत आवश्यक असते, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. तपासण्या करण्याची, दोन महिने रात्रंदिवस पिल्लांची निगा राखण्याची आणि प्रत्येक पिल्लासाठी योग्य घर शोधण्याची तयारी असेल तरच पुढे जावे, अन्यथा वेळीच तिचे निर्बीजीकरण करावे. पिल्लू कुणाच्या तरी घरी दहा-बारा वर्षे राहणार असते. त्या घरातील मूल त्याच्याबरोबर मोठे होणार असते. त्या दोघांना धावता यावे, एवढी काळजी जोड लावणाऱ्याने आणि पिल्लू घेणाऱ्याने मिळून घेतली तरी पुरे.